पाचर

१७ मार्च २०२४, रविवार. कसाल

दुपारी जेवून जरा आडवा झालो तर तिठ्यावरून भाच्याचा फोन. "मामा, घरी आहेस ना? दहा मिनिटांत येतो." म्हापशाहून न कळवता आलेला माणूस एक तर भांडून आलेला असतो, नाही तर काहीतरी गळ्यात घालायला. गाडीचं मागचं दार उघडलं आणि फिकट तपकिरी रंगाचा, छातीवर पांढरा चट्टा असलेला एक ठोकळा अंगणात उतरला. दुसऱ्यांदा बघितल्यावर तो कुत्रा आहे हे पटलं. पिटबुल. वय दोन वर्षं, नाव टायसन.

सरकारचं काही पत्र निघालंय, घरमालक घाबरलाय, म्हणतो कुत्रा ठेव नाही तर खोली सोड. "दोनच महिने, मामा. तू डॉक्टर आहेस, तुला काय अवघड?"

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. पण गावात ज्याच्या पिशवीत सिरिंज असते तो डॉक्टर, आणि निवृत्त झाला तरी सुटका नाही.

ही पडवीतून बघत होती. "ह्येका कित्याक आणलंस रे? हो भुकतच नाय. मुको असा काय?"

भाचा संध्याकाळी परत गेला. रात्री आठपर्यंत टायसनचा टायश्या झाला होता.

१८ मार्च

सकाळी त्याला तपासलं. निमूट तोंड उघडू दिलं. दात ४२, कुठल्याही मोठ्या कुत्र्याचे असतात तेवढेच. ह्या जातीचा जबडा कुलपासारखा लागतो असं लोक सांगतात, म्हणून सांधा बोटांनी चाचपून पाहिला. खिट्टी नाही, कुलूप नाही. हाडं सगळ्यांची तीच. गालावरचा स्नायू मात्र माझ्या मुठीएवढा. कानांच्या जागी दोन वेडीवाकडी टोकं. ब्रीडरने घरच्या घरी कात्रीने कापले म्हणे. पिल्लू आणलं तेव्हा पस्तीस दिवसांचं होतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण तो नियम विकणाऱ्याला माहीत नव्हता आणि घेणाऱ्याने विचारला नव्हता.

फोनवर भाच्याला विचारलं, ह्याची आई बघितली होतीस? नाही. बाप? "बापाचा फोटो होता, मामा. काय डोकं होतं त्याचं!"

आपल्याकडे खोंड घ्यायला गेलेला माणूस आधी गाय बघतो. लाथ मारते का, नव्या माणसाला जवळ येऊ देते का, शिंग हलवते का. आणि हा शिकलेला मुलगा डोक्याचा फोटो बघून पैसे मोजून आला.

रात्री जुन्या सहकाऱ्याने ते पत्र पाठवलं. १२ मार्चचं, केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाचं, सगळ्या राज्यांना. २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा. जे आधीच पाळलेले आहेत त्यांचं निर्बीजीकरण करा. पिटबुल टेरियर, टोसा इनू, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो, रॉटवायलर, केन कोर्सो. आणि मध्येच एक नुसता शब्द 'टेरियर्स'. म्हणजे मांडीवर बसून बिस्किट खाणारा यॉर्कशायर टेरियरसुद्धा हिंस्र. सरकारी यादी कशी होते हे मला माहीत आहे. शेवटच्या दिवशी पाच वाजता होते.

२६ मार्च

शिमग्याची पोरं शबय मागायला आली. आठ-दहा जण, तोंडं रंगवलेली, ढोल, आरडाओरडा. गावचा कुठलाही कुत्रा अशा वेळी अंगणभर मागे सरकत भुंकतो. टायश्या शेपटीसकट अख्खा हलत पुढे गेला आणि पहिल्या पोराच्या पायाला टेकून उभा राहिला. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले. मी खुर्चीत बसून हसत होतो.

गॅसवाला, पोस्टमन, कुडाळहून आलेला मीटरवाला, सगळ्यांना हीच वागणूक. भाच्याने राखणीला म्हणून घेतला होता! ही म्हणाली, "चोर इलो तर हो तेका पाणी इचारतलो."

२९ मार्च

शेजारचे आबा आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी त्यांच्या गोठ्यातला पाडा पंचक्रोशीत नावाजलेला होता, झोंबीतला. झोंब्या आता कायद्याने बंद, गोव्यातली धिर्यो १९९६ साली उच्च न्यायालयाने बंद केली. तरी कुठल्या मळ्यात कधी लागते हे आबांना अजून कळतं. ते टायश्याकडे बराच वेळ बघत होते.

"हेंका झोंबयत?"

म्हटलं, हो, ह्याच्या पणजोबांना झुंजवायचे.

"मगे हरलो कोण तां कसा कळता?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पाड्यांच्या झोंबीत एकाने पाठ दाखवली की संपलं. आबांच्या शब्दांत, "पळालो तो हरलो. पाडो पळालो काय झोंबी सोपली, घराक जावचां." हरलेला पाडा पुढच्या वर्षी नांगराला जुंपतात, त्याचा कोणाला राग नसतो. मी आबांना म्हटलं, वाचून सांगतो.

३ एप्रिल

चार रात्री वाचतोय. आबांना सांगायचं ते आधी इथे उतरवून ठेवतो.

मूळ इंग्लंडातलं. जमिनीत कडी, कडीला दोरी, दोरीला बैल, आणि त्याच्यावर सोडलेला कुत्रा. कुत्र्याने बैलाचं नाक धरायचं आणि सोडायचं नाही. अशा दमवलेल्या बैलाचं मांस मऊ होतं अशी समजूत होती. तो बुलडॉग. १८३५ मध्ये पार्लमेंटने हा खेळ बंद केला. पण बैल लपत नाही, त्याला मैदान लागतं; दोन कुत्रे दारूच्या गुत्त्याच्या तळघरातही लपतात. कुत्र्यांच्या झुंजीसुद्धा त्याच कायद्याने बंद होत्या, तरी वाढल्या. बुलडॉगमध्ये चपळ टेरियर मिसळायचं आधीच सुरू झालं होतं. लंडनच्या बिली नावाच्या असल्या एका कुत्र्याने १८२३ मध्ये साडेपाच मिनिटांत १०० उंदीर मारल्याची नोंद आहे. पुढे तीच रक्तं अमेरिकेत गेली. १८९८ मध्ये तिथे युनायटेड केनेल क्लब निघाला, त्याच्या वहीतला पहिला कुत्रा स्थापकाचा स्वतःचा पिटबुल. मोठ्या अमेरिकन केनेल क्लबने मात्र १९३६ मध्ये हीच कुत्री 'स्टॅफर्डशायर टेरियर' नाव देऊन आत घेतली. पिटबुल हे नाव त्यांच्या वहीत आजही नाही.

आता आबांचा प्रश्न. पिट म्हणजे फळ्या लावलेला चौकोनी हौदा. आत दोन कुत्रे, त्यांना धरणारे दोघे आणि एक पंच. समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक रेघ. लढतीआधी एकाचा कुत्रा दुसऱ्याने आंघोळ घालून धुवायचा, केसांना विष चोळलेलं असेल म्हणून. मग सोडायचे. एखाद्याने तोंड फिरवलं की दोघांना उचलून आपापल्या कोपऱ्यात न्यायचं, आणि ज्याने तोंड फिरवलं त्याला पुन्हा मोकळं करायचं. दहा सेकंदांत त्याने रेघ ओलांडून समोरच्याच्या अंगावर गेलं पाहिजे. नाही गेला तर हरला. गेला तर झुंज चालू.

म्हणजे आपली झोंबी जिथे संपते तिथे ह्यांची सुरू होते. पाठ फिरवणं हा प्राण्याने प्राण्यासाठी ठेवलेला दरवाजा आहे. पाडे, बोके, कोंबडे, गल्लीतले कुत्रे, सगळे तो वापरतात. नाही तर एकेका भादव्यात गावची कुत्री संपली असती. पिटवाल्यांनी तो दरवाजा बुजवला. फिरला त्याची अवलाद घ्यायची नाही, फाटलेल्या अंगाने पुन्हा गेला त्याची घ्यायची. शंभर-सव्वाशे वर्षं. ते शोधत होते ती ताकद नव्हे. ताकद कुठल्याही मोठ्या कुत्र्यात मिळते. त्यांना हवा होता तो न थांबणारा.

ह्याच कारणाने आणखी एक गोष्ट गेली असणार, असं मला वाटतं. गुरगुरणं, मानेवरचे केस ताठ करणं, दात दाखवणं हे सगळं बोलणं आहे. "भांडायलाच हवं का?" एवढंच त्यात विचारलेलं असतं. हौद्यात तो प्रश्न विचारणाऱ्याचा वेळ फुकट जायचा. ही पहिल्या दिवशी म्हणाली ते, मुको असा काय.

आणि माणसांवरचं प्रेम? त्याचंही उत्तर हौद्यातच. त्या चौकोनात तीन माणसं उघड्या हातांनी उभी. चवताळलेला कुत्रा उचलायचा तो हातांनीच. धरणाऱ्याला चावणारा कुत्रा धंद्याला निरुपयोगी, त्याला बहुतेक मारून टाकत. बहुतेक. कारण चावरा असूनही जिंकणारा निघाला तर त्याच्या पिल्लांना गिऱ्हाईक होतंच, आणि तसे काही नामवंत होऊन गेले. पैसा लागला की नियम वाकतो.

आबांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "मगे ता कुत्र्याचा नाय, माणसाचा बिघाडला."

११ एप्रिल

पाडवा झाला. बातमी: कर्नाटक उच्च न्यायालयाने ते २३ जातींचं पत्र काल रद्द केलं. कोणाचं म्हणणं ऐकलं नाही, समितीत जाणकार नव्हते, असं कोर्टाचं म्हणणं. भाचा खूष. मी म्हटलं, मग ये आणि ने. तर घरमालक अजून तयार नाही.

(दिल्लीच्या न्यायालयातही १६ तारखेला ते पत्र टिकलं नाही. ही ओळ नंतर घातली.)

२१ एप्रिल, रविवार

हात अजून थरथरतोय, अक्षर बघूनच कळेल.

सकाळी साडेसातला फाटक उघडं राहिलं. चूक माझी, दूध आणायला गेलो होतो. वाडीतला काळ्या रोजच्यासारखा आला. हा आमच्या घरचा नाही, पण उष्टं त्याचंच असतं. टायश्याला बघून तो पायरीशी थांबला, शेपूट वर, केस ताठ, गुरगुरायला लागला. रीतसर. मी फाटकापाशी दुधाची किटली घेऊन. टायश्या पडवीत बसला होता तो उठला. गुरगुरला नाही, केस उभे नाहीत, कान असते तर कदाचित त्यांनी काही सांगितलं असतं. शेपूट हलत होती. मला वाटलं खेळणार. तीन पावलांत त्याने काळ्याची मान धरली.

काळ्या एकदाच ओरडला आणि अंग टाकून उताणा झाला, पोट वर. कुठल्याही कुत्र्याला ह्याचा अर्थ कळतो. टायश्याने सोडलं नाही. हिने कळशीभर पाणी ओतलं. नाही. मी खराट्याने मारलं, आणि तेव्हाच कळलं की मारणं वाया आहे, तो मार मोजतच नव्हता. डोळे शांत होते. मांजर उन्हात बसतं तसे. डोकं मात्र मधूनमधून झटकत होता.

मग दोन्ही मांड्यांत त्याची कंबर आवळली, पट्टा मुठीत धरला आणि हिला ओरडलो, मागच्या दाराची पाचर आण. वाऱ्याने दार आपटतं म्हणून खाली सारलेली लाकडाची पाचर. ती दाढांच्या मागे, जिथे जबडा मिटतो तिथे, आडवी घातली आणि किल्ली फिरवावी तशी फिरवली. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा तोंड सुटलं. तेवढ्यात त्याने माझ्या मनगटावरून जीभ फिरवली. हात त्याच्या तोंडात होता, चावला नाही. उलट चाटला.

काळ्याला पडवीवर घेऊन टाके घातले. मानेवर चार भोकं, एक खोल. शीर वाचली. नऊ टाके.

भाच्याला फोन केला. म्हणाला, "मामा, अमेरिकेत तशी काठी विकत मिळते. ब्रेकिंग स्टिक." म्हणजे हे त्याला माहीत होतं.

२३ एप्रिल

काळ्या जेवला.

त्याच्या गुरगुरण्याचा विचार करतोय. गावठी कुत्र्याला कोणी घडवलं नाही असं आपण म्हणतो. कसं नाही? त्यालाही घडवलंय, फक्त वही कोणी ठेवली नाही. नोकरीत असताना पोट फाटलेली कुत्री माझ्याकडे यायची, डुकराच्या सुळ्याने. पारध बेकायदा, मी कधी विचारलं नाही, टाके घालायचो. त्यात एक गोष्ट दिसायची. जी कुत्री डुकराला घेरून, अंतर राखून, भुंकून धरतात ती म्हातारी होतात. जे कुत्रं पुढे होऊन धरायला जातं ते माझ्याकडे यायचं, आणि बऱ्याचदा माझ्याकडून परत जायचं नाही. वरून बिबट्या, खालून हायवे, मधून माणसाचा धोंडा. जो भुंकतो, सरकतो, पळ काढतो त्याचीच पिल्लं वाडीत राहतात. आपण त्याला भित्रा म्हणतो.

काळ्याला आणि टायश्याला एकमेकांची भाषाच येत नव्हती.

५ मे

परवा मतदान. काजूवाल्याच्या काट्यावर टायश्याला चढवलं. काट्यावर बसून शेजारच्या पोत्याचा वास घेत राहिला. ३७ किलो.

हे मला हवंच होतं. अमेरिकन नोंदवहीतला नर पिटबुल साधारण १६ ते २७ किलोंचा. हौद्यातले आणखी हलके असत. म्हणजे ह्याच्यात कुठल्यातरी थोराड जातीचं रक्त घातलंय, डोकं मोठं दिसावं म्हणून, फोटो चांगला यावा म्हणून. मग ३ एप्रिलला मी जे पानभर लिहिलं, हौद्यातली तीन माणसं आणि उघडे हात, ते ह्याला कितपत लागू? त्या जुन्या लोकांचा धंदा नीच होता, पण आईबाप त्यांना माहीत असत आणि धरणाऱ्याला चावणारं बहुतेक गळत असे. आजच्या विक्रेत्याची चाळणी कोणती? छातीची रुंदी. स्वभावाची चाळणी काढली की स्वभाव जागेवर थांबत नाही, कुठेही जातो.

इंग्लिश बुलडॉग हे ह्याचंच दुसरं टोक. बैलाचं नाक धरणारा तोच. १८३५ नंतर त्याला प्रदर्शनात नेलं, नाक आत ढकलत नेलं, अंग बसकं केलं. आज जिना चढताना धापा टाकतो आणि दिवसभर घोरतो. पूर्वज एकच. एका फांदीतून झुंज काढून टाकली, दुसरीत पिळून पिळून भरली. म्हणून 'रक्तातच आहे' असं कोणी म्हटलं की मला पुढे विचारावंसं वाटतं, कोणी घातलं, कधी घातलं, आणि अजून घालतंय का?

१२ जून

पाऊस लागला. काळ्याच्या जखमेच्या कडेला किडे पडले होते, टर्पेंटाइनचा बोळा लावून चिमट्याने काढले, वरून टॉपिक्युअर मारला. सतरा मोजले. मग मोजायचं सोडलं.

घरात बसून वाचन. एप्रिल २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास: १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, २,१५५ कुत्र्यांची जनुकं वाचली. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्याहून वेगळं का, ह्याच्यातला जातीचा वाटा जेमतेम नऊ टक्के. भाच्याने हेच मला मोठ्या अक्षरांत पाठवलं होतं. बघ मामा, जात काही नसते.

नसते असं नाही, नऊ टक्के असते. शिवाय तो सगळ्या वागण्यांचा मिळून हिशेब आहे. २००८ ची एक अमेरिकन पाहणी वेगळंच बारीक सांगते: दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाण्यात पिटबुल वरच्या रांगेत, माणसांवर मात्र नाही, माणसांना चावण्यात डॅक्सहुंड आणि चिवावा पुढे. हे मला लगेच पटलं. माझ्या उजव्या तळहातावर तीन टाक्यांची खूण आहे ती ओरोसच्या एका साहेबांच्या पॉमेरेनियनची. 

पण तीन टाके आणि टायश्याचा जबडा ह्यात फरक आहे, आणि तो टक्केवारीत येत नाही. पॉमेरेनियन वर्षातून दहा वेळा चुकला तरी चालतं. ह्याने एकदाही चुकायचं नाही.

दुसरी बाजूही लिहायला हवी. २००७ मध्ये अमेरिकेत मायकेल विक ह्या फुटबॉलपटूच्या झुंजीच्या अड्ड्यावरून पन्नासेक पिटबुल सोडवले. एरवी अशी सगळी कुत्री मारून टाकत. ह्या खेपेला एकेकाला तपासलं. खुनशी म्हणून मारावी लागली ती एकच. बावीस युटाच्या आश्रमात गेली, बाकीची ठिकठिकाणी, पुढे काही घरांत सोफ्यावर झोपली. एकाच अड्ड्यावरची, एकाच कामासाठी पैदा केलेली, तरी एक भेदरून भिंतीला चिकटलेलं आणि दुसरं मांडीवर. जात बघून हे सांगता आलं नसतं. कुत्रा बघून आलं.

टायश्या विजांना घाबरतो. लखलखलं की माझ्या खाटेखाली, आणि ३७ किलो खाटेखाली शिरले की खाट उठते.

२५ ऑगस्ट, रविवार

हणजूणला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला.

म्हापशापासून आठ-नऊ किलोमीटर. भाचा फोनवर नुसता श्वास घेत होता. मग म्हणाला, "मामा, तो आपल्यासारखाच असेल ना? म्हणजे, आधी काही केलं नसेल त्याने." मी काही बोललो नाही.

ही वही मागे उलटली. २६ मार्च. दहा पोरांच्या घोळक्यात कुत्रा, आणि मी खुर्चीत बसून हसतोय. आई न बघितलेला, पस्तीस दिवसांत उचललेला, सांगून न करणारा कुत्रा, आणि मी जाणता माणूस. ती नोंद खोडली नाही. बाजूला फुली मारली.

अंगणवाडीची पोरं आमच्या पाणंदीतून जातात.

२६ ऑगस्ट

गोकुळाष्टमी. दिवसभर वारा. दुपारी बातमी आली, मालवणला राजकोटवरचा महाराजांचा पुतळा कोसळला. उभारून नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. मालवणच्या रस्त्याला संध्याकाळपर्यंत गाड्यांची रांग. तिठ्यावर दुसरा विषय नाही. टायश्याबद्दल मला विचारायला कोणी तरी येईल ह्या धास्तीत होतो, कोणी आलं नाही. आबा तेवढे आले. म्हणाले, "डॉक्टर, फाटक उंच करा." बसलेही नाहीत.

३० ऑगस्ट

फाटक सहा फूट केलं. जुन्या गोठ्याला नवं दार, वर एक कडी, खाली एक. फिरवणं पहाटे पाचला, तोंडाला जाळी, दोर आखूड. निर्बीजीकरण मागच्या आठवड्यातच झालं होतं, टाके आज काढले. त्याने स्वभाव धुऊन निघतो असं भाच्याला वाटतं. त्याने एवढंच होतं की ह्याची पिल्लं होणार नाहीत, आणि मला तेवढंच हवं होतं.

हिला विचारलं, मारून टाकू या असं वाटतं का तुला? ती भांडी घासत होती. "माका इचारू नुको. माझ्या हातचा जेवता तो."

भाचा न्यायला येणार नाही. हे त्याने सांगितलं नाही, मला कळलं.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. माटवी बांधून झाली. कवंडळं ह्या वर्षी मिळता मिळेनात, आबांच्या नातवाने कुठून तरी चार आणली. मुंबईची मंडळी रात्रीच्या गाडीने सिंधुदुर्गला उतरतील. पोरं चार, मोठं नऊ वर्षांचं. टायश्या अकरा दिवस गोठ्यात. दोन्ही कड्या लावून किल्ली माझ्या करगोट्याला. दारापलीकडे तो उभा राहिला की लाकडावर नखं वाजतात, त्याहून आवाज नाही.

काळ्या पायरीवर झोपलाय. मान एका बाजूला जरा वाकडी राहिली. गोठ्याच्या दिशेला तोंड करून झोपतो, आणि त्या बाजूने काही हललं की झोपेतच गुरगुरतो.

सारवायला घेतल्यावर मागचं दार वाऱ्याने दोनदा आपटलं. "पाचर खंय गेली?" ही आतून ओरडली. पाचर एप्रिलपासून पडवीच्या खिळ्याला टांगलेली आहे, सुतळीने, छत्रीच्या शेजारी. ती काढू नकोस म्हटलं. फणसाचा एक तुकडा पडला होता, कोयतीने तासून दुसरी केली आणि दाराखाली सारली. लाकूड ओलं आहे, घसरतं.